दिवसाला चार मिनिटं

साच्यातून काढल्यावर चौथ्या दिवशी, शुक्रवारी, घंटा पहिल्यांदा वाजवली आणि ती बेसूर निघाली.

दादाने लाकडी हातोडा खाली टेकवला आणि वडिलांकडे, नानांकडे पाहिलं. नाना डोळे मिटून उभे होते. घंटेच्या एका ठोक्यात पाच आवाज असतात, हे त्या घरातल्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळायचं. सगळ्यात खालचा उशिरापर्यंत घुमतो, सगळ्यात वरचा आधी विरतो आणि मधले तीन एकमेकांना सांभाळून घेतात. इथे ते सांभाळून घेत नव्हते.

"तिसरा चढलाय," नाना म्हणाले.

"ते मलाही कळतंय, नाना. कुठून काढायचं तेवढं सांगा."

नानांनी नकारार्थी मान हलवली. घंटेच्या पोटातून धातू खरवडला की आवाज उतरतो. पण कुठून आणि किती, हे चुकलं की संपलं. काढलेला धातू परत चिकटत नाही. नानांना चूक अजून ऐकू येत होती, तिच्यावरचा उपाय ऐकू येईनासा झाला होता. तो ज्याला कळेल असा कान त्या ओतशाळेत आता एकच उरला होता. तो ताईचा, दादाच्या पाठच्या बहिणीचा. कामगार तिला ताई म्हणतच नसत. "कान आल्या का?" असं विचारत. आणि आठ महिने झाले, ताई अंगणापलीकडच्या खोलीत पडून होती.

आजारपण तसं साधंच होतं. विषाणूचा ताप. घरातले सगळेच आठवडाभर झोपले आणि उठले. ताईही उठली. पंधरा दिवस तिने कामही केलं आणि एका सकाळी हातात सूर पारखायचा नादकाटा असताना उभ्याउभ्या मटकन खाली बसली. तेव्हापासून तिची धाव बाथरूमपर्यंत. रक्त, छाती, डोकं, सगळं तपासून झालं, सगळं स्वच्छ. दादाला त्या स्वच्छ कागदांचाच राग यायचा. एखादा आकडा तरी लाल असायला हवा होता, म्हणजे कुणाशी भांडायचं ते कळलं असतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ताप गेला तरी असा थकवा मागे राहतो, कुणाचा वर्षभर, कुणाचा त्याहून जास्त. जेवढं झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करायचं. आणि ढकलायचं नाही.

ते त्या बाईंनी सांगेपर्यंत ढकलून झालेलं होतं.

रविवारी दुपारी धाकटा भाऊ आला आणि चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसली. वहिनीने चहा ढवळला तो लाकडी चमच्याने. स्टीलचा चमचा कपाला लागला की अंगणापलीकडे ताई कपाळाला आठ्या घालते, हे तिने एकदा पाहिलं होतं. त्या दिवसापासून घरातले धातूचे चमचे फडताळात गेले होते. ओतारी माणसाच्या घरात!

"मशीनवाल्याशी बोललोय मी," दादा म्हणाला. "घंटा फिरत्या पाटावर चढवतो, कॉम्प्युटर लावतो, दोन दिवसांत सुरात आणून देतो."

"आणि बदल्यात?" धाकट्याने विचारलं.

"यापुढच्या सगळ्या घंटांचा सूर तो लावणार. लेखी हवंय त्याला."

"म्हणजे ताईची जागा."

"जागा रिकामी आहे. ती मी केलेली नाही."

"अरे, पण तिला थोडं उठवून, हळूहळू..."

"तू तर बोलूच नकोस." दादाचा आवाज चढला आणि वहिनीने अंगणाकडे बोट दाखवल्यावर पुन्हा उतरला. "अंगणात कोण चालवत होतं तिला? रोज शंभर पावलं वाढव, मनावर घे, अंग आपोआप साथ देईल. अकराव्या दिवशी काय झालं?"

धाकटा शाळेत व्यायामशिक्षक होता. लठ्ठ, दमेकरी, रडकी, सगळी मुलं त्याने धावती केली होती. ताईवर त्याचा जीव होता आणि म्हणूनच त्याने तिला सर्वांत जास्त चालवलं होतं. अकराव्या दिवशी ती पायरीशी कोसळली आणि पुढचे सहा आठवडे तिला उशीवरून डोकं उचलता आलं नाही. तो खाली मान घालून कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिला.

"आपण चौघं तिच्याबद्दल बोलतोय," वहिनी म्हणाली. "तिला कुणी विचारलंय का?"

"तिला काय विचारायचं? रडत बसेल."

"अहो, ती रडत नाही. रडायला ताकद लागते."

मग नानांनी कप बाजूला सारला. "थोरल्या, तू जा. तूच विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस."

खोलीचे पडदे ओढलेले होते. दाराला आतून जाड ब्लँकेट ठोकलेलं. दादा तीन महिन्यांत तिथे आला नव्हता. कामाचं निमित्त होतं. खरं म्हणजे आत जाऊन काय बोलायचं ते त्याला सुचत नसे. वितळलेल्या काशाच्या धगीसमोर बेधडक उभा राहणारा माणूस त्या अंधाऱ्या दारात चोरासारखा उभा राहिला.

"चिमे."

ताईने कानातला कापूस काढला. तेवढ्यानेही तिला थांबावं लागलं. "खाली बस. मान वर करून नाही बोलता येत मला."

तो जमिनीवर बसला.

"तिसरा चढलाय," ताई म्हणाली.

दादाने दाराकडे वळून पाहिलं. मध्ये अंगण, दोन भिंती, दाराला ब्लँकेट, कानात कापूस. "एकच ठोका दिला होता गं आम्ही. परवा."

"पुरला. परवापासून पुरतोय." ती हसली की काय, अंधारात कळलं नाही.

त्याने मशीनवाल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, लेखीसुद्धा. ताई इतका वेळ गप्प राहिली की तिला झोप लागली असं त्याला वाटलं.

"झोपले नाहीये. शब्द गोळा करतेय. किती दिवस आहेत?"

"वीस. एकविसाव्याला नगरभवनाचे लोक क्रेन घेऊन येतील."

"मला दिवसाला चार मिनिटं ऐकता येतं. पाचव्या मिनिटाचे दोन दिवस द्यावे लागतात."

"चार मिनिटांत काय होणार?"

"एक ठोका. एक खूण. हात दुसऱ्याचे."

"माझे आहेत की."

"तुझे जड आहेत. वहिनीचे हवेत."

"ती कपडे शिवते, चिमे. तिने कानस हातात धरली नाहीये कधी."

"कपडा कापल्यावर परत जोडता येत नाही, हे तिला माहीत आहे." एवढं बोलून ताईने हात किंचित हलवला. झालं, जा. दादा उठला आणि दार लावताना आयुष्यात पहिल्यांदा त्याने कडी दोन्ही हातांनी धरली.

सोमवारी सकाळी दहाला भट्टीचा पंखा बंद झाला, यंत्रं बंद झाली, कामगारांना बाहेरच्या रस्त्यावर पाठवलं गेलं. धाकट्याने शाळेतून रजा काढली होती. साचे वाहायच्या गाडीवर त्याने गादी घातली होती, चाकांना रबराच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. ताईला त्याने अंगणातून आणलं ते भरल्या ताटासारखं.

घंटा साखळीवर टांगलेली होती. अकराशे किलोचं कासं, तोंड जमिनीपासून कमरेइतकं वर. ताईने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती, फक्त कान मोकळे.

"दे," ती म्हणाली.

दादाने ठोका दिला. वहिनी लग्न होऊन या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती. घंटा तिला पाठ होत्या असं तिला वाटायचं. पण आज तिने घंटेकडे नव्हे, ताईकडे पाहिलं. आवाज ताईच्या अंगावरून नाही, अंगातून जात होता. कपाळावर घाम फुटला, पायांची बोटं आखडली. तरी चेहरा स्थिर. जणू वादळात एखादी बाई दोरीवरचे कपडे एकेक करून ओळखत उभी होती.

"आतून. ओठापासून वीतभर वर. चार बोटं रुंद, सगळीकडून सारखं. एका कागदाइतकं. कागदापेक्षा जास्त नाही."

"चार," धाकटा घड्याळ पाहून म्हणाला आणि गाडी वळली.

मग वहिनी स्टूल घेऊन घंटेच्या आत बसली. नानांनी बाहेरून दिवा धरला. खडूने खूण केली आणि कानस लावली. पहिल्या घासालाच घंटा अस्फुट बोलली, इतकं हळू की ते कानांपेक्षा दातांना कळलं. वहिनीने हात थांबवला, श्वास रोखला. श्वास सोडला तर तोही परत आला, तिच्यापेक्षा मोठा होऊन. आपण कुणाच्या तरी छातीत बसलो आहोत असं तिला वाटलं.

"घाबरलीस?" बाहेरून नाना.

"नाही नाना. पाया पडावंसं वाटतंय, पण जागा नाही."

नाना खुदकन हसले. एका कागदाइतका धातू काढायला तिला तीन तास लागले. बाहेर आली तेव्हा केसांत, भुवयांत सोनेरी कीस होता आणि दादा तिच्याकडे असा बघत राहिला, की तिनेच त्याला "काय झालं?" म्हणून विचारलं.

चार मिनिटांची किंमत धाकट्याने पाहिली. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याने ताईला खाटेवर निजवलं. दुपारी एकपर्यंत तिने बोट हलवलं नाही. वहिनीने चमच्याने पाणी पाजलं, तर दुसऱ्या चमच्याला ताईने ओठ मिटले. गिळायचाही थकवा होता. संध्याकाळी ती कुशीवर वळली, तेव्हा सवयीने त्याने तिचं मनगट धरलं आणि मोजलं. एकशे अठ्ठावीस. चारशे मीटर जीव तोडून पळालेल्या मुलाची नाडी त्याला ठाऊक होती, ती अशी असते. ताई फक्त कुशीवर वळली होती.

तो बाहेर पायरीवर येऊन बसला. वहिनी अंगणातले कपडे काढत होती.

"वहिनी, मी तिला आळशी समजत होतो गं. तोंडाने नाही म्हणालो कधी. पण मनात होतं."

"तुझ्या दादाच्याही आहे. तोंडावर आहे त्यांच्या."

"मी मुलांना डोंगर चढवलेत. अशी चढण मी नाही पाहिली. आणि उद्या पुन्हा हीच चढायची आहे हे तिला माहीत असतं. तरी सकाळी म्हणते, दे."

वहिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कपडे घेऊन आत गेली.

दिवसामागून दिवस असेच गेले. ठोका, खूण, कागदाइतका धातू. नवव्या दिवशी तिसरा आवाज उतरून आपल्या जागेवर आला आणि तो सगळ्यांना ऐकू आला. रस्त्यावर उभ्या असलेल्या कामगारांनाही आला, कारण त्यांच्या गप्पा एकाएकी थांबल्या. आता फक्त खरवडण्याने हललेले वरचे दोन उरले होते. दादाचं भान सुटलं.

"चिमे! आलं गं! आणखी एक ठोका देतो, वरच्यांची खूण आजच करून टाकू."

ताईचे गाल लाल झाले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिने डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली. "दे," ती म्हणाली.

धाकटा मध्ये आला. त्याने हातोड्याचा दांडा धरला. "चार झाली."

"बाजूला हो. ती स्वतः म्हणतेय."

"तेव्हाही ती स्वतःच म्हणत होती, दादा. अकराव्या दिवशी. चल, आणखी शंभर. मी तेच ऐकलं."

दोघे भाऊ एकच हातोडा धरून उभे राहिले. ताई गाडीवरून धाकट्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत कौतुक नव्हतं, भूक होती. कामाची भूक. त्याला ती सहन होईना, पण त्याने दांडा सोडला नाही. शेवटी तिने पट्टी खाली ओढली. "ने मला," ती म्हणाली, आणि खोलीपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

इतकं सांभाळूनही बाराव्या दिवशी ती कोसळली. कशाने, ते कळलं नाही. कुणी दार आपटलं नव्हतं, कुणी मिनिट वाढवलं नव्हतं. सकाळी धाकटा गाडी घेऊन गेला, तर तिने हात उचलून नको म्हणण्याचा प्रयत्न केला आणि हात उचलला गेला नाही. तेरावा दिवस गेला, चौदावा गेला, सतरावा गेला. वहिनी तिला कुशीवर वळवायची, ओठ ओले करायची. ओतशाळेत घंटा चादर पांघरून लटकत होती.

अठराव्या दिवशी दादाने नगरभवनात फोन लावला. नाना शेजारी बसले होते. आजवर बाहेरच्या कुणीही ताईबद्दल विचारलं की दादा म्हणायचा, जरा थकलीय. तसंच काहीतरी म्हणेल, असं नानांना वाटलं.

"घंटा वेळेवर मिळणार नाही," दादा म्हणाला. "आमची सूर लावणारी आजारी आहे." तो थांबला. "हो. फार आजारी आहे... नाही, बदली माणूस नाही. असा माणूस दुसरा नसतो... किती दिवस ते मी नाही सांगू शकत. तिला विचारून सांगतो."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून दादाने चेहरा पुसला. "मनोरा तीस वर्षं मुका आहे म्हणाले. आणखी महिनाभर राहील."

"आणि मशीनवाला?"

"त्याला सकाळीच नाही म्हणून कळवलं." मग जरा वेळाने तो म्हणाला, "नाना, माझी बहीण दोन भिंतींपलीकडून, कानात कापूस घालून तिसरा आवाज ओळखते. आणि मी तिला म्हणायचो, मनावर घे."

मुलाच्या पाठीवर नानांनी हात ठेवला तो तसाच राहू दिला.

ताई बाविसाव्या दिवशी पुन्हा म्हणाली, दे. पण आता चार मिनिटं नव्हती, दोन होती. मग एक दिवस अडीच, मग तीन. आकडा सकाळी ती सांगायची आणि धाकटा पाळायचा. दादा हातोडा घेऊन तिच्या आकड्याची वाट बघत उभा राहायचा, भट्टीच्या लालीची बघावी तसा. वहिनीचा हात असा बसला की खूण सांगून व्हायच्या आत तिला जागा कळायची. कामगार आता स्वतःहूनच बाहेर जात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना हाताने हळू जायला सांगत.

चौतिसाव्या दिवशी ताई म्हणाली, "आज चार आहेत."

दादाने ठोका दिला.

नानांनी आयुष्यात दोनशेच्या वर घंटा ओतल्या होत्या. पाचही आवाज हातात हात घालून बाहेर पडतात तो क्षण त्यांना ओळखता येत होता. आजही तो आला. त्यांनी खांबाला टेकून घेतलं. आवाज छपरापर्यंत चढला, तिथून पसरला, खिडक्यांच्या काचा, पाण्याची पिंपं, खिळे भरलेले डबे, सगळं त्याला ओ देऊ लागलं. वहिनीने तोंडावर पदर धरला. आपण जिच्या पोटात इतके दिवस बसलो ती ही, हे तिला खरंच वाटेना. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याची नजर मात्र घड्याळावर होती.

नानांनी घंटेकडे पाहिलंच नाही. ते आपल्या मुलांकडे पाहत होते. एवढं मोठं, एवढं जड काहीतरी, आणि ते सुरात आणलं कुणी, तर जिला पाण्याचा पेला उचलवत नाही तिने.

"पुरे," ताई म्हणाली. "आता हात लावू नका हिला."

कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा हातोडा ठेवून गाडीजवळ आला आणि जमिनीवर बसला, तिला मान वर करावी लागू नये म्हणून.

"चिमे, कसं वाटतंय तुला?"

हे सगळे रोज विचारत, दारातून, जाता जाता. तो उत्तरासाठी बसला होता. ताईने डोळ्यांवरची पट्टी काढली.

"भीती वाटते, दादा. मी अशीच राहिले तर?"

दादाला पूर्वी यावर बरीच उत्तरं सुचली असती. बरी होशील, धीर धर, मन घट्ट कर. त्यातलं एकही त्याच्या तोंडात आलं नाही.

"तर अशीच राहशील," तो म्हणाला. "मग घंटाही अशाच होतील. वर्षाला एक झाली तर एक. कुठली कधी ओतायची ते तू सांगशील."

ताईने धाकट्याला विचारलं, "किती राहिलं?"

"पाऊण मिनिट."

"मग एक ठोका दे, दादा. कामाचा नको. नुसता. मला ऐकायचाय."

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान डोलावली. वहिनी येऊन ताईच्या उशाशी उभी राहिली, नाना खांब सोडून पुढे आले. दादाने हातोडा उचलला आणि आयुष्यात कधी दिला नव्हता इतका हलका ठोका घंटेला दिला.